थंड राहणारी पिशवी

रत्नागिरी
१७ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांना दीपाचा जय भीम,

परवा फोनवर तुम्ही तीनदा म्हणालात, "हो हो, जेवलो." मी विचारत होते, मे महिन्याचं तिकीट काढू का? शेवटी शेजारच्या हिरासिंगकाकांनी तुमच्या हातून फोन घेतला आणि म्हणाले, "दीपा, तुह्या बापाच्या कानाजवळ सुरुंग लावला तरी आता त्याले ऐकू येत नाही. तू चिठ्ठीच लिह्य." तर लिहिते आहे. खाणीत बत्तीस वर्षं काढली, ड्रिलच्या आवाजाने कान गेले, पण डोळे आणि अक्षर अजून शाबूत आहे. तुमच्या अक्षरातलं पत्र येऊन किती वर्षं झाली! त्या निमित्ताने तेही येईल.

आई गेल्यापासून तुम्ही एकदाही कोकणात आला नाहीत. आधी म्हणायचात, घर कोण पाहील. मग म्हणालात, गुडघे दुखतात. दिवाळीपासून तुम्हाला इन्सुलिन सुरू झालं, आणि आता तुम्ही म्हणता, दीड दिवसाच्या प्रवासात औषध उन्हाने बिघडेल. हे कारण मात्र खरं आहे, म्हणून त्याच्यावर उपाय शोधला.

बाजारात एक थंड राहणारी पिशवी मिळते. बाहेरून जाड, चिवट कापड, आत जाड अस्तर, आणि चेन अशी की हवाही आत जात नाही. आत बर्फ ठेवला तर दोन दिवस टिकतो म्हणे. खांद्याला अडकवता येते. चांगल्यातली सोळा हजारांना आहे. धम्मरत्न म्हणाले, "एवढ्यात छोटा फ्रीज येतो." मी म्हटलं, फ्रीज खांद्याला अडकवून तुमचे सासरे येणार आहेत का?

तुम्ही आयुष्यभर वस्तू पारखून घेतल्यात. सायकलसुद्धा दुकानदाराला दोन दिवस बसवून ठेवून घेतली होती. तर सांगा, घ्यावी का? राजुरात मे महिन्यात शेहेचाळीसच्या खाली पारा येत नाही. इथे दोन महिने राहा. औषधाची काळजी मिटली तर याल ना?

तुमची
दीपा


राजूर
२८ फेब्रुवारी २०२५

चि. दीपाला अनेक आशीर्वाद,

पत्र मिळालं. दोन वेळा वाचलं. हिरासिंगलाही वाचून दाखवलं. तो म्हणाला, "देवराव, एवढ्या महागाच्या पिशवीत तूच बसून जाय, औषध हाती धर."

पिशवीचं वर्णन वाचून मला आपली छागल आठवली. तुला आठवते का? पाण्याची पिशवी, कॅनव्हासची, लाकडी बुचाची. ट्रकवाल्यांच्या गाडीला पुढे टांगलेली असायची तशीच. माझ्या सायकलच्या हँडलला असायची. पहिले आठ दिवस पाण्याला कापडाचा वास यायचा. मग वास जायचा आणि पाणी असं गार व्हायचं की दात शिवशिवायचे. तुझी माय फाटलेल्या ठिकाणी मेण लावून टाके घालायची. कामावर निघालो की म्हणायची, "पाणी सगळ्याइले पाजून राह्यले तुम्ही, स्वतः पेता की नाही?" त्या छागलीला किती दिले होते ते आठवत नाही, पण सोळा हजार नक्की नव्हते.

आणि जयंतीचा बर्फ. दर चौदा एप्रिलला वणीच्या बर्फाच्या कारखान्यातून लादी आणायचो. लाकडाचा भुसा, त्यावर पोतं, त्यावर सुतळी. वस्तीत तीनशे माणसांचं सरबत व्हायचं. एका बाजूला चुनाभट्ट्यांची पांढरी धूळ, दुसऱ्या बाजूला कोळशाची काळी, आणि मधून मी बर्फ घेऊन सायकल हाणतो आहे. लोक म्हणत, देवराव आला म्हणजे जयंती आली.

घेण्याची घाई करू नको. दुकानदार दोन दिवस म्हणतो ते त्याच्या दुकानातले दोन दिवस. कुणाकडे असेल तर मागून आण आणि स्वतः पाहा. रोज किती बर्फ वितळतो ते लिहून ठेव. आत थर्मामीटर ठेव. वस्तूवर विश्वास ठेवण्याआधी तिला आपल्या हवेत तपासावं.

येण्याचं नंतर पाहू.

तुझा
बाबा


रत्नागिरी
१४ मार्च २०२५

ती. बाबा, जय भीम.

तुम्ही सांगितलं तसं केलं. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात माझ्याबरोबर काम करणाऱ्या बाईंकडे अशी पिशवी निघाली. त्यांच्या मुलाने परदेशातून आणलेली. त्या तिच्यातून पुण्याला लेकीकडे सुरमई नेतात. तीन वेळा लिंबू लावून धुतली तरी उघडली की बंदर येतं.

प्रयोगाचा निकाल असा. शनिवारी सकाळी चार किलो बर्फ भरला, मध्ये पाण्याच्या दोन लहान बाटल्या औषध समजून ठेवल्या, गॅलरीत उन्हात ठेवली. रविवारी सकाळी पाऊण बर्फ शाबूत. सोमवारी सकाळी अर्ध्याहून कमी, पण आत हात घातला की हाडापर्यंत गार. दुकानदार खोटं बोलत नाही. चेन मात्र इतकी घट्ट की धम्मरत्नांनी गुडघ्यात धरून ओढली. आणि रिकामी असतानाच जड आहे. एक गोष्ट खटकली. बर्फाला टेकलेली बाटली गोठली होती. इन्सुलिन गोठलं तरी वाया जातं. पण मध्ये टॉवेल ठेवला की प्रश्न मिटतो.

जयंतीच्या बर्फाचं तुम्ही लिहिलंत, तर आज एक कबुली देते. मी सात वर्षांची असताना तुम्ही मला सोबत नेलं होतं. पुढच्या दांडीवर मी, मांडीत बर्फाचं पोतं. वणी सुटल्यावर पोतं झिरपायला लागलं. गार पाणी मांड्यांवरून पोटऱ्यांवर, तिथून बोटांवर. तुम्ही दोनदा विचारलंत, "दीपा, पाणी गळते काय?" मी दोन्ही वेळा नाही म्हटलं. सांगितलं असतं तर तुम्ही पोतं मागे बांधलं असतं. त्या वर्षी सरबत कोमट झालं ते माझ्यामुळे. आईला कळलं होतं. तिने माझा फ्रॉक पिळला आणि म्हणाली, "अर्धी जयंती तुह्या फ्रॉकातच आहे, पोरी." पण तुम्हाला सांगितलं नाही.

आईवरून आठवलं. इथे आंबा यायला लागला. शेजारचे पहिली पेटी उघडतात तेव्हा जिन्यात वास भरतो, आणि मी खिडकी लावून घेते. बाबा, मी सहा वर्षांत आंबा घरात आणलेला नाही. तिला सुई लागते हे तिने लपवलं होतं, ते दवाखान्यात गेल्यावर कळलं. पण साखर आहे एवढं मला माहीत होतंच. तरी मी रोज कापून द्यायची. "घे गं, आपल्याकडे असा मिळत नाही." वीस दिवस. मग ती चक्कर येऊन पडली, साखर सहाशेवर गेली, आणि त्यानंतर ती पहिल्यासारखी झालीच नाही. पुढच्या जानेवारीत गेली. हे मी कुणाजवळ बोलत नाही. तुमच्याजवळही आज पहिल्यांदाच.

पिशवी मला पटली आहे. हो म्हणा, म्हणजे मागवते.

तुमची
दीपा


राजूर
२५ मार्च २०२५

चि. दीपा,

पिशवी घेऊ नको. पैसे वाया जातील. मला यायचं नाही.

तब्येत बरी आहे. काळजी नसावी.

बाबा


रत्नागिरी
५ एप्रिल २०२५

ती. बाबा,

तुमचं तीन ओळींचं पत्र मिळालं. वस्तीतल्या परप्रांतीय कामगारांची पत्रं तुम्ही लिहून द्यायचात, तेव्हा कुणी नुसतं "पैसे पाठवतो" एवढंच सांगितलं तर तुम्ही त्याला परत बसवायचात. म्हणायचात, "घरच्या लोकाइले एवढं पुरते काय? आणखीन सांग." आणि मला तीन ओळी.

पण कारण कळलं. मी आंब्याचं लिहायला नको होतं. इतकी वर्षं तुम्ही बोलला नाहीत म्हणून मला वाटायचं, तुमच्या मनात तसं काही नाही. आता लक्षात येतं, घर, गुडघे, औषध ही सगळी निमित्तं होती. ज्या घरात मुलीने आईला आंबे खाऊ घालून आजारी पाडलं, तिथे तुम्हाला पाय ठेवायचा नाही. मी तुमच्या जागी असते तर मलाही वाटलं असतं.

मी तिकीट काढत नाही. पिशवी बाईंना परत केली. उन्हात दुपारी बाहेर पडू नका.

दीपा


राजूर
१५ एप्रिल २०२५

चि. दीपा,

तुझं पत्र जयंतीच्या दोन दिवस आधी आलं. काल सगळी वस्ती मिरवणुकीत होती, मी ओट्यावर बसून होतो. हिरासिंगने विचारलं, "काहून रे, तब्येत ठीक नाही काय?" मी ठीक आहे म्हटलं. आज सकाळी लिहायला बसलो.

तू जे समजलीस ते साफ चूक आहे. ती चूक मीच तुला सहा वर्षं करू दिली. आता ऐक.

तुझ्याकडे येण्याच्या दोन महिने आधी तुझ्या मायला सुई सुरू झाली होती. मी म्हटलं, दीपाला कळवू. ती म्हणाली, "कायले? पोरगी आता कुठं नोकरीत टिकून राह्यली, आता कुठं तिचं सोताचं घर झालं. तिच्या नव्या फ्रीजमंधी पयले काय ठेवू, माहं दुखणं?" मला शपथ घातली. मी मानली.

मग औषध न्यायचं कसं? मी म्हटलं, मी आहे ना. एक लहान मडकं घेतलं, त्यात ओली वाळू, वाळूत औषधाच्या बाटल्या, वरून ओलं फडकं. राजुरात त्या मडक्यात दोन महिने औषध उत्तम राहिलं होतं. भर उन्हात हात घातला की गारवा लागायचा. आमच्याकडे फ्रीज नव्हताच, तुला माहीत आहे. तेच मडकं पेटीत घालून तुझ्याकडे आणलं आणि मागच्या खोलीत खाटेखाली ठेवलं. रोज सकाळी तू कामावर गेलीस की मी फडकं भिजवायचो.

आठ दिवसांनी हात घातला तर आत गारवा नव्हता. मला वाटलं, पाणी कमी पडलं. जास्त पाणी घातलं. फडकं सकाळी भिजवलं की संध्याकाळीही तितकंच ओलं. मला उलट बरं वाटलं, पाणी टिकतं आहे म्हणून.

दीपा, हे मला कळायला हवं होतं. दुसऱ्या कुणाला नसतं कळलं तरी मला. खाणीत शेवटची अकरा वर्षं हवा मोजण्याचं काम माझ्याकडे होतं. दोन थर्मामीटर असायचे, त्यातल्या एकाच्या टोकाला ओलं फडकं. हवा कोरडी असली तर फडक्यातलं पाणी उडून जातं आणि तो थर्मामीटर खाली येतो. हवा दमट असली तर दोन्ही सारखेच. हे मी रोज वहीत लिहायचो. छागलसुद्धा आम्ही खाली नेत नव्हतो, वर खाणीच्या तोंडाशी टांगायचो, कारण खाली ती गार होत नाही हे पोरासोरालाही ठाऊक होतं. आणि समुद्राकाठच्या हवेत, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला असताना, मी वीस दिवस ओल्या फडक्यावर विश्वास ठेवला. आपल्या गावी जे चालतं ते सगळीकडे चालतं असं वाटलं.

शेवटी बाटलीत बारीक कण दिसले. त्या दिवशी मी तुझ्या मायला म्हटलं, हे बिघडलं असेल, दीपाला सांगू. ती म्हणाली, "आठ दिवसानं घरी जाऊन राह्यलो ना. तेवढ्यासाठी कायले?" तिसऱ्या दिवशी ती पडली.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, सुई रोज घेता? मी म्हटलं, हो. औषध ठेवता कुठे? मी म्हटलं, गार जागी, नीट. तू दारात उभी होतीस. तू ते ऐकलंस आणि तुझ्या तोंडावरचा रंग गेला, कारण मग उरले फक्त आंबे. मी ते पाहिलं. मला तेव्हाच बोलता आलं असतं. घरी गेल्यावर सांगू म्हटलं. मग ती घरी आली म्हणून नाही सांगितलं, मग ती गेली म्हणून नाही सांगितलं. बाटल्या मी कागदात गुंडाळून तुमच्या नाक्यावरच्या कचऱ्यात टाकल्या. मडकं तिथेच फोडलं. तू नंतर कधी विचारलं नाहीस, आणि मी त्याचा फायदा घेतला.

वणीचे डॉक्टर म्हणाले होते, तिच्या किडन्या आधीपासूनच खराब होत्या. ते खरं असेल. आंब्यानेही थोडं झालं असेल. पण वीस दिवस तिच्या अंगात औषध म्हणून नुसतं पाणी जात होतं, हे मला माहीत आहे.

तुझ्या घरी मी येत नव्हतो तो तुझ्यावरच्या रागाने नाही. त्या मागच्या खोलीत झोपायचं कसं, एवढंच. तू पिशवी शोधलीस तेव्हा मला वाटलं, ती दोन दिवसांत बाद होईल आणि मी सुटेन. तू लिहिलंस, बर्फ टिकला. मग माझ्याजवळ कारण उरलं नाही.

आंबा खा.

बाबा


रत्नागिरी
१४ मे २०२५

बाबा,

तुमचं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तर दिलं नाही, कारण रोज वेगळं पत्र लिहिलं आणि फाडलं.

पहिल्या आठवड्यात फार राग आला. सहा वर्षं मी जिन्यातला वास घेऊ शकत नव्हते. धम्मरत्न बिचारे बाहेर आंबा खाऊन, हात धुऊन घरी यायचे. आणि तुम्हाला सगळं माहीत होतं. तुम्ही दर सणाला फोनवर "हो हो, जेवलो" म्हणत होतात.

दुसऱ्या आठवड्यात तुम्ही दिसायला लागलात. मी कामावर गेल्यावर खाटेखाली वाकून फडकं भिजवणारे. तेव्हा मला वाटायचं, बाबा मागच्या खोलीत दुपारचे झोपतात.

तिसऱ्या आठवड्यात आईचा राग आला. तिच्यावर रागावण्याची सवयच नाही, त्यामुळे ते जमेना. नव्या फ्रीजमध्ये मी पहिल्या दिवशी काय ठेवलं होतं माहीत आहे? पाण्याच्या सहा बाटल्या. तो सगळा रिकामा होता, बाबा. दार उघडलं की दिवा लागायचा आणि आत काही नाही. तिच्या औषधाला किती जागा होती तिथे.

माझा राग गेलेला नाही. पण पत्रातून रागावणं जमत नाही. लिहिता लिहिता अक्षर नीट काढायच्या नादात राग उतरतो. रागावायला माणूस समोर लागतं. म्हणून या.

पिशवी मी घेत नाही. वस्तू चांगली आहे, त्यात शंका नाही. मासळी न्यायला, सहलीला, चार माणसांच्या घराला उत्तम. पण औषधाच्या दोन बाटल्यांसाठी ती फार मोठी आहे, आणि टॉवेल सरकला तर तुमचं औषध गोठवून बसेल. इथल्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी औषधासाठीच केलेली लहान पिशवी दिली आहे. हातात मावते. स्पीड पोस्टाने पाठवते आहे, आत कागदावर सगळं मोठ्या अक्षरात लिहिलं आहे. दीड दिवसाला पुरते. मी ती आधी तीन दिवस इथल्या हवेत तपासली.

तिकीटही त्यातच आहे, तीस तारखेचं. मागच्या खोलीत तुम्ही झोपायचं नाही. तिथे पुस्तकं टाकली आहेत. तुमची खाट समोरच्या खोलीत घातली आहे.

दीपा


राजूर
२३ मे २०२५

चि. दीपा,

पिशवी मिळाली. रिकाम्या बाटल्यांत पाणी भरून तिच्यात ठेवल्या आणि दीड दिवस ओट्यावर उन्हात ठेवली. ठीक आहे. तिकीट मिळालं. निघतो आहे.

काल हिरासिंग आला. पिशवी पाहून मोठ्यांदा म्हणाला, "हे काय, बायकाइची पावडरची पिशवी घेऊन राह्यला काय?" मी म्हटलं, "औषध आहे. मले सुई लागते, दिवाळीपासून. आणि दीपाच्या मायलेही लागत होती." त्याला दोन्ही माहीत नव्हतं. चाळीस वर्षांचा शेजार, पण मी त्याला फक्त "औषध" एवढंच सांगत आलो होतो; तुझं पत्र वाचून दाखवतानाही तेवढंच वाचलं होतं. मग मी त्याला मडक्याचंही सांगितलं, सगळं.

तो बराच वेळ पिशवीची चेन उघडत-लावत बसला. मग माझ्या कानाजवळ येऊन म्हणाला, "देवराव, मलेही लागते. दोन वर्षं झाले. घरी सांगितलं नाही. गोठ्यात बसून घेतो."

मी विचारलं, "ठेवतो कुठं?"

तो म्हणाला, "कडब्याच्या कुट्टीच्या ढिगात, खाली थंड राहते."

मी त्याला हाताला धरून उठवलं आणि म्हटलं, आत्ताच्या आत्ता घरी जाऊन धनीबाईला सांग. तो जाईना. त्याच्या फाटकापर्यंत मी सोडून आलो.

त्यांची खिडकी माझ्या ओट्यावरून दिसते. आवाज मला येत नाही, पण धनीबाईचे हात दिसत होते. ती उभी, तो खाली बसलेला. तिचे हात डोक्यावर जात होते, त्याच्याकडे येत होते, गोठ्याकडे जात होते. मधेच पदर डोळ्याला. पुन्हा हात. एवढं बोलणं त्याने लग्नापासून ऐकलं नसेल. मी वेळ मोजला नाही, पण चुलीवरची भाजी करपली असणार, कारण शेवटी धूर दिसला.

मग ती आत गेली आणि ताट घेऊन आली. त्याच्यासमोर ठेवलं आणि तिथेच बसून राहिली, तो जेवेपर्यंत.

मी एक तारखेला पोचतो.

तुझा
बाबा